3,000 मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात टँकर: रत्नागिरी जिल्हा समजून घेताना

2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. म्हणजे 81,708 माणसं कमी झाली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घट झाली. राज्यात घट झालेला तिसरा जिल्हा होता खुद्द मुंबई शहर. तिथली गोष्ट वेगळी. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, माणसं उपनगरांत आणि ठाणे जिल्ह्यात सरकली. त्या सरकलेल्यांमध्येही रत्नागिरीचे किती असतील, याचा अंदाज नालासोपारा किंवा दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर गणपतीच्या आदल्या दिवशी उभं राहिलं तर येईल.

रत्नागिरीत अवर्षण नाही. हापूस आहे, बंदरं आहेत, कोकण रेल्वे आहे, राज्यातले मोठे वीज प्रकल्प आहेत. 2011 मध्ये साक्षरता 82 टक्क्यांच्या वर होती. एवढं असताना माणसं टिकत का नाहीत? ‘कोकणी माणूस आळशी’ हे यावरचं सर्वांत सोपं आणि सर्वांत चुकीचं उत्तर. खरं उत्तर जमिनीच्या उतारापासून सुरू होतं, म्हणून आधी भूगोल.

छपरावरचं पाणी

जिल्ह्याचं क्षेत्रफळ 8,208 चौरस किलोमीटर. उत्तरेला सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी, पलीकडे रायगड. दक्षिणेला विजयदुर्गची खाडी, पलीकडे सिंधुदुर्ग. पूर्वेला सह्याद्री, त्याच्या माथ्यापलीकडे सातारा, सांगली आणि कोल्हापूर. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर हे नऊ तालुके. 1981 च्या महाराष्ट्र दिनापर्यंत सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता.

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचं अंतर जेमतेम 50 ते 60 किलोमीटर. अख्खा जिल्हा म्हणजे पश्चिमेकडे उतरतं छप्पर. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्या घाटातून सुटतात आणि थोडक्या अंतरात खाडीला मिळतात. गोदावरी किंवा भीमा जशी शेकडो किलोमीटर रमतगमत जाते, वाटेत गाळ टाकते, मैदानं तयार करते, तसं इथे होत नाही. सपाट, खोल मातीची जमीन नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि खाडीलगत तेवढी मिळते. बाकी सगळा डोंगर, उतार आणि सडा.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थरांवर थर साचून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. समुद्राजवळच्या दमट, उष्ण हवेत आणि प्रचंड पावसात या कातळाचा वरचा भाग लाखो वर्षं कुजत राहिला. विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. तो हा जांभा. लोहामुळे तांबडा, आणि बरंच काही निघून गेल्यामुळे सच्छिद्र. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून चिरे कापायला उत्तम. कोकणातली घरं, गडगे (दगडी कुंपणं), विहिरींचे काठ आणि पाखाड्या (दगडी पायवाटा) त्यातूनच बांधलेल्या. याच सड्यांवर उक्षी, बारसू, कशेळी, देवीहसोळ अशा ठिकाणी कातळशिल्पं आहेत. हत्ती, मासे, माणसं आणि ज्यांचा अर्थ कोणालाच नीट लागलेला नाही अशा आकृत्या. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला.

पण प्यायच्या पाण्याच्या दृष्टीने जांभा हा बेभरवशाचा दगड. जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यात पडतो त्याच्या चौपटीहून जास्त. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जांभ्याच्या भोकाभोकांतून पाणी खाली जातं, तळाशी चिकणमातीसारखा थर लागला की आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरे होऊन बाहेर पडतं. म्हणून वाड्या वसल्या त्या सड्यावर नव्हे, सड्याच्या कुशीत, जिथे झरा फुटतो तिथे. दिवाळीपर्यंत पऱ्ये आणि वहाळ (छोटे ओढे) वाहतात. फेब्रुवारीत झरे बारीक होतात, एप्रिलमध्ये आटतात. मग डोंगरातल्या धनगरवाड्यांपासून टँकरच्या यादीला सुरुवात होते. पाणी पडत नाही असं नाही, ते थांबत नाही.

धरणं बांधून प्रश्न सुटेल असं वाटणं साहजिक आहे. पण तीव्र उताराच्या अरुंद दरीत उंच भिंत घातली तरी साठा बेताचाच होतो, आणि साठलेलं पाणी शेतापर्यंत न्यायला कालवे काढायचे तर चढउतार आडवे येतात. जांभ्यात गळतीची भीती वेगळी. त्यामुळे लागवडीखालच्या जमिनीपैकी ओलिताखाली फारच थोडी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात वहाळावर दगडमातीचे किंवा गोणी भरून घातलेले बंधारे, हा छोटा उपाय इथल्या जमिनीला जास्त मानवतो. त्याला उद्घाटनाची कोनशिला लागत नाही, कदाचित म्हणूनच तो मागे पडतो.

या सगळ्यात एक गंमत आहे. गंमत म्हणावी की चेष्टा, वाचकाने ठरवावं. कोयनेचं धरण सातारा जिल्ह्यात, पण त्याचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणून वीज केली जाते ती चिपळूण तालुक्यात, पोफळी आणि अलोरे परिसरात. प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट, आणि त्यातला किरकोळ भाग सोडला तर सगळी घाटाखाली. कृष्णा पाणी तंटा लवादाने या कामासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायला परवानगी दिली. वीज तयार झाली की हे पाणी वाशिष्ठीत पडतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. त्याच तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. हे पाणी मुंबईकडे नेण्याच्या योजनांवर अधूनमधून चर्चा होते. उलट दिशेने, डोंगरातल्या वाडीवर ते चढवायचं तर पंपाचा खर्च कोणी द्यायचा, इथे चर्चा अडते.

खाड्यांचंही थोडं सांगायला हवं. भरतीचं खारं पाणी नदीच्या मुखातून बरंच आत शिरतं. एके काळी हाच राजमार्ग होता. दाभोळ बहमनी काळापासून मोठं बंदर. राजापूरला इंग्रजांची वखार होती, ती 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी लुटली. चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत गलबतं येत. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, व्यापार मुंबईला गेला. आता खाडीची आठवण निघते ती पुरात. घाटात ढगफुटीसारखा पाऊस आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की नदीला पाणी टाकायला जागा उरत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली ती अशी. 2005 च्या जुलैतही तेच झालं होतं.

जमीन कोणाची आणि किती नावांवर

इथे भात पिकतं, नाचणी आणि वरी पिकते, तीही एकदाच, पावसावर. पूर्वी शेतसारा गोळा करणारे खोत आणि खाली राबणारी कुळं अशी रचना होती. कोकणातल्या खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. स्वातंत्र्यानंतर 1949 चा खोती निर्मूलन कायदा आणि कुळकायदा आला आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली. न्याय झाला. पण ती मुळातच थोडी होती, आणि पिढ्यागणिक वारसांची नावं सातबाऱ्यावर चढत गेली.

कोकणाबाहेरच्या वाचकाला सातबाऱ्याचा हा भाग समजत नाही. एका वीस-पंचवीस गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावं असणं इथे नवल नाही. त्यातले काही परळला, काही विरारला, काही हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्या नाहीत. अशा जमिनीवर कर्ज काढायचं, विहिरीचं अनुदान घ्यायचं, वाटप करायचं किंवा नुसतं विकायचं तरी सगळ्यांच्या सह्या हव्यात. गावात राहिलेला एकटा भाऊ जमीन कसतो, पण कागदावर तिचा पूर्ण धनी नसतो. मग गुंतवणूक कशाला करेल? इथल्या पडीक जमिनीचं एक मोठं कारण मातीत नसून तलाठ्याच्या दप्तरात आहे, असं माझं मत आहे.

पडीक जमीन एकटी राहत नाही. शेजारचं शेत ओस पडलं की तिथे झुडपं माजतात, रानडुकरांना आसरा मिळतो, वानर-माकडं धीट होतात, आणि जो अजून नांगर धरून आहे त्याचंच पीक ती खातात. उन्हाळ्यात त्या वाळलेल्या गवतात वणवा पेटला की तो शेजाऱ्याच्या काजूबागेत शिरतो. दुसऱ्या वर्षी तोही शेती सोडतो. हे एकदा सुरू झालं की थांबवणं कठीण.

हापूसचा हिशेब

कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून कलम लावायचं, हा रत्नागिरीचा खरा पराक्रम. सड्यावर भात होत नाही, पण आंबा-काजू होतो. 1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवड योजना सुरू केली आणि वरकस, म्हणजे हलक्या मातीच्या, डोंगरउतारांवर आंब्या-काजूच्या बागा वाढल्या. दापोलीला 1972 मध्ये स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ ही आंब्याची जात त्यांचीच. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरीपुरतं नाही, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरही त्यात आहेत. बाकीच्या राज्यांतला आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकला जातो, त्याला निदान कायद्याने हरकत घेता येते.

पण आंब्याच्या पेटीतला किती पैसा गावात राहतो? हंगाम मार्च ते मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. त्याआधी खत, फवारण्या, राखण आणि काढणी असा खर्च महिनोन्‌महिने चालू. हा पैसा बागायतदाराकडे आगाऊ नसतो. बऱ्याच जणांना तो वाशीच्या बाजारातला दलाल देतो. उचल घेतली की माल त्यालाच पाठवावा लागतो आणि दर तिथे ठरतो. काहीजण बागच कराराने देऊन मोकळे होतात.

निसर्गाचं गणितही नाजूक. मोहोर येण्यासाठी झाडाला पावसानंतर ताण आणि थंडी लागते. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की पालवी फुटते, मोहोर लांबतो. मोहोर आला की तुडतुडे आणि फुलकिडे येतात, फवारण्या वाढतात. मार्चमध्ये पारा एकदम चढला की कैरी गळते, फळ भाजतं. फळ बाहेरून देखणं आणि आत साका (पांढरट, निकामी गर), हा धोका हापूसच्या पाचवीलाच पुजलेला. त्यात वादळं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. भाताचं नुकसान एका वर्षाचं असतं. नारळ पुन्हा लावून धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तोपर्यंत खायचं काय हा प्रश्न पंचनाम्यात बसत नाही.

मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे इथली मासेमारी हा दुसरा आधार. हर्णैला किनाऱ्यावरचा लिलाव पाहिला तर जिल्ह्यात रोकड कुठे फिरते ते कळतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, कारण समुद्र खवळलेला आणि मासळीच्या प्रजननाचा काळ. इथला वाद समुद्र कोणाचा याचा आहे. पर्ससीन जाळं बांगडा-तारलीचा अख्खा थवा एकदम उचलतं. छोट्या होडीवाल्याला मागे काही राहत नाही. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर काळाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले. ते पाळले जातात की नाही यावरून दर हंगामात भांडण होतं. खाडीतल्या मासेमारांची तक्रार निराळी आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचं सांडपाणी दाभोळ खाडीत येतं आणि मासळी मरते, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

बागांची राखण आणि बरीचशी मेहनत आज नेपाळी कामगार करतात. अनेक बोटींवरचे खलाशीही बाहेरचे. बाहेरून मजूर येतात आणि इथला तरुण मुंबईला जातो, मग आळशी कोण, असा टोमणा इथेच मारला जातो. हिशेब असा आहे: आंब्याचं काम हंगामी, मासेमारी दहा महिन्यांची, भाताचं चार. नेपाळहून एकटा आलेला माणूस हंगाम संपला की परत जातो. ज्याला इथे घर चालवायचं, मुलं शिकवायची, त्याला बारा महिने पगार हवा. तो हापूसची बाग देत नाही, मुंबईतली सिक्युरिटी गार्डची नोकरी देते. आळसाचा इथे काही संबंध नाही.

कारखाने आले, मग?

गुहागरच्या अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प आला. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, 2001 मध्ये बंद पडला, त्याच वर्षी एन्रॉनचं दिवाळं वाजलं. 2005 मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने नवी कंपनी उभी करून तो पुन्हा हाती घेतला गेला. जयगडला कोळशावरचा 1,200 मेगावॉटचा प्रकल्प आणि बंदर आहे. जैतापूरला प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. नाणार आणि मग बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प विरोधामुळे गाजला.

‘कोकणी लोक प्रत्येक प्रकल्पाला विरोध करतात’ हे निम्मंच खरं. वीज प्रकल्प आणि रिफायनरी भांडवल पुष्कळ खातात, माणसं थोडी लावतात, आणि लावतात तीही बहुतेक विशिष्ट प्रशिक्षण घेतलेली. बांधकाम चालू असेपर्यंत ठेकेदारी, खानावळी, भाड्याच्या खोल्या तेजीत, मग शांतता. उलट ज्याची आंब्याची बाग किंवा मासेमारी जाणार, त्याचं नुकसान कायमचं. गुहागरने हे पाहिलेलं आहे. दुसऱ्या बाजूने, विरोधाच्या सभेत टाळ्या वाजवणारे आणि दुसऱ्या दिवशी पोराला नोकरीसाठी पनवेलला पाठवणारे एकच असतात, हेही लिहायला हवं. आंबा-काजू प्रक्रिया, मासळीची शीतगृहं, घरगुती पर्यटन अशी गावाला झेपणारी कामं दोन्ही बाजूंच्या भाषणांत येतात आणि भाषणांतच राहतात. वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत घराघरांत पाहुणे उतरतात, ते एक सुखद उदाहरण. पण तोही हंगामच.

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा याच जिल्ह्यात. रेल्वेने गाव मुंबईला जवळ आणलं. आणि जवळ आल्यामुळे जाणं सोपं झालं. परतीची तिकिटं मात्र गणपतीत मिळत नाहीत.

बायका जास्त, म्हणजे काय?

2011 मध्ये जिल्ह्यात 7,61,121 पुरुष आणि 8,53,948 स्त्रिया होत्या. दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. राज्यात सर्वांत जास्त. दरवर्षी कोणीतरी भाषणात हा आकडा मुलींच्या सन्मानाचा पुरावा म्हणून सांगतो. तसं असतं तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांतही मुली जास्त दिसल्या असत्या. तिथे त्या मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. फरक पडतो तो मोठ्या वयात, आणि तो पडतो कारण पुरुष मुंबईत मोजले जातात.

एकोणिसाव्या शतकात हे सुरू झालं. मुंबईत 1850 च्या दशकात कापडगिरण्या निघाल्या आणि रत्नागिरीची माणसं गिरणगावात भरली. आधी पलटणीतही ती होतीच. गावातला एकजण खोली घेई, मग गावकीची दहा-बारा माणसं त्या खोलीत पाळीपाळीने झोपत. बायको-मुलं गावी, भात लावायचं, गुरं पाहायची, सासूसासऱ्यांचं करायचं काम तिचं. महिन्याला मनीऑर्डर येई, आणि पोस्टमनची वाट पाहणारा हा जिल्हा ‘मनीऑर्डरवर जगणारा’ म्हणून ओळखला गेला. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तरी माणसं परतली नाहीत. दुकानं, कुरिअर, रिक्षा, कार्यालयं यांत पांगली आणि खोली परळहून विरारला गेली.

या आकड्याची दुसरी बाजू कमी लोक बघतात. 2001 मध्ये हे प्रमाण 1,136 होतं, 2011 मध्ये 1,122 झालं. एरवी पुरुष परतू लागले तर हे प्रमाण उतरेल. पण त्याच काळात एकूण लोकसंख्याही घटली आहे. म्हणजे पुरुष आले नाहीत. आता बायका-मुलंही जाऊ लागली. एकटा चाकरमानी पैसे पाठवत असे, कारण चूल गावात होती. कुटुंबच डोंबिवलीला गेलं की चूलही तिकडेच. गावी येतात ते घराच्या दुरुस्तीचे आणि देवळाच्या वर्गणीचे पैसे. पटसंख्येअभावी जिल्हा परिषदेच्या शाळा बंद होण्याची बातमी येते, तिच्यामागे हेच आहे.

2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून वरचे आकडे जुने आहेत. पुढची शिरगणती फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे, शिमग्याआधी, म्हणजे चाकरमानी गावात नसताना. रेशनकार्ड गावचं, मतदारयादीत नाव गावचं, सातबाऱ्यावर नाव गावचं, पण मोजणी जिथे राहतो तिथे. निकाल आले की एकूण लोकसंख्या किती घटली याच्या मोठ्या बातम्या होतील. त्याऐवजी संगमेश्वर, लांजा, मंडणगड यांसारख्या तालुक्यांतले दोन रकाने पाहावेत: स्त्री-पुरुष प्रमाण आणि सहा वर्षांखालची मुलं. दोन्ही एकदम खाली आली असतील, तर त्या गावांतून आता नुसता कमावता माणूस नव्हे, घरच्या घर उठलं आहे, आणि तिथे सातबाऱ्यापासून शाळेपर्यंतच्या सगळ्या योजना वेगळ्या पद्धतीने आखाव्या लागतील.